आप्पांचं रेकॉर्डिंग

आमच्या आप्पांना पोलिसांनी रस्त्यात पाडलं, ही बातमी मला घरच्यांकडून कळली नाही. मी नांदेडला राहते आणि रोज एसटीनं हदगावच्या बाजूला एका सरकारी कार्यालयात नोकरीला जाते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी आपला मोबाईल माझ्यासमोर धरला. "बघा हो, म्हाताऱ्या माणसाला कसं करून राहिले."

बारा सेकंदांचा व्हिडिओ होता. पांढरी स्कूटर आडवी पडलेली. शेजारी धोतर नेसलेला, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असलेला एक वयस्कर माणूस रस्त्यावर बसल्यासारखा पडलाय. ट्रॅफिक पोलिसातली एक तरुण मुलगी दोन्ही हातांनी त्याचा दंड धरून उभी. मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, बापाच्या वयाचा हाय तो!" आणि तिथंच तो संपतो.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले.

त्या बाईंनी मोबाईल हळूच पदराखाली घेतला, जणू काही चूक त्यांचीच होती.

आमचं माहेर लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. मोंढ्यात आप्पांची धान्याची अडत होती. चाळीस वर्षं त्यांनी ती चालवली, आता माझा धाकटा भाऊ चालवतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी घरी पोचले तेव्हा आप्पा पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. कोपराला पट्टी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच वाक्य सांगत होते, "त्या पोरीनं ढकललं मला." लोक हळहळत होते. व्यापारी संघटनेनं आदल्याच दिवशी निवेदन दिलं होतं आणि त्या मुलीला चौकातून काढून मुख्यालयात बसवलं होतं. तिची चौकशी सुरू झाली होती. आप्पांनी लेखी तक्रार दिली होती आणि तीत तेच वाक्य होतं.

माझाही संताप झाला होता. आप्पा काही साधे वडील नव्हते माझ्यासाठी. बारावीनंतर माझं लग्न लावा म्हणून सगळी भावकी मागं लागली होती, तेव्हा "ती शिकंल," एवढं बोलून त्यांनी बैठक मोडली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझी पेटी स्वतः उचलून ते किनवटला सोडायला आले होते. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. असा माणूस रस्त्यावर पडलेला सगळं जग बघत होतं.

भाऊ तो व्हिडिओ मोठा करून पुन्हा पुन्हा दाखवत होता. त्यात त्या मुलीच्या छातीवर एक काळी डबी दिसली. तिच्यावर बारीक लाल दिवा.

"हे काय रे?"

"कॅमेरा हाय, अक्का. नवीन आलेत. चौकातल्या पोलिसांच्या अंगावर लावतेत." भाऊ हसला. "बरंच की. तिच्याच कॅमेऱ्यात ती घावंल."

ते रेकॉर्डिंग मिळवायचं, असं तिथंच ठरलं. आणि ते काम माझ्याकडं येणं साहजिक होतं. आमच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. उत्तराचा मसुदा मी करते, साहेब सही करतात. 'नाही' कसं लिहायचं हे मला चांगलं माहीत आहे. कलम कोणतं लावायचं, वाक्य कुठं संपवायचं, सगळं पाठ आहे.

आप्पांच्या नावानं अर्ज लिहिला, त्यांची सही घेतली, पत्ता मात्र माझा नांदेडचा घातला. त्याच दिवशी वेगळं एक पत्र दिलं की हे रेकॉर्डिंग पुसू नये, जतन करून ठेवावं. असली रेकॉर्डिंगं ठराविक दिवसांनी आपोआप पुसली जातात, हे मी ऐकून होते. माहिती नाकारली तर अपील करता येतं. पुसलेल्या माहितीचं अपील करून काय मिळणार?

महिना संपता संपता उत्तर आलं. 'सदर प्रकरणी चौकशी प्रलंबित असल्याने व माहिती उघड केल्यास चौकशीच्या प्रक्रियेस अडथळा निर्माण होणार असल्याने, कलम ८(१)(ज) अन्वये माहिती देता येत नाही.' मी ते दोनदा वाचलं. त्यातला एकही शब्द मला नवा नव्हता. असंच वाक्य मी किती जणांना पाठवलं असेल! ते वाचणाऱ्याचं तोंड कसं होत असेल, याचा विचार तोवर मी कधी केला नव्हता. माणूस हातात कागद घेऊन बसतो आणि त्याला कळत नाही की आपलं नेमकं काय चुकलं.

अपील केलं. त्यात लिहिलं की रेकॉर्डिंगमध्ये दिसणारा माणूस स्वतःच ते मागतोय आणि चौकशीही त्याच्याच तक्रारीवरून चालू आहे. त्यानं ते पाहिल्यानं अडथळा कसा येतो, ते कारणासह सांगावं. नुसतं कलम लिहून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्या साहेबांना अपिलात एकदा याच मुद्द्यावर बोलणी बसली होती.

सुनावणीला आप्पा, मी आणि भाऊ गेलो. बोलावणं यायला वेळ होता. व्हरांड्यात बाकावर एक मुलगी बसली होती. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. आप्पांना पाहून ती उठून उभी राहिली. मग मला कळलं ती कोण ते. भाऊ आप्पांना घेऊन लांबच्या खिडकीपाशी गेला. मी का थांबले, सांगता येत नाही.

"तुम्ही कशा आलात?" मी विचारलं. आवाज कोरडाच होता माझा.

"नोटीस आली, मॅडम. रेकॉर्डिंगमध्ये मी पण हाय ना. द्यायला तुमची हरकत हाय का म्हणून विचारलं होतं."

"मग?"

"हरकत न्हाई म्हणून लिहून दिलंय." ती फाईलच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मी सोता दोनदा मागितलं. चौकशीत मला माझं म्हणणं मांडायचंय, एकदा बघू तरी द्या म्हटलं. चौकशीचा भाग हाय, दाखवता येत न्हाई म्हणले."

"कॅमेरा तुमच्याच अंगावर होता ना?"

"अंगावर आमच्या. ड्यूटी संपली की जमा करायचा. आत काय उमटलंय ते आम्हाला बी दिसत न्हाई."

ती देवणीकडची होती, नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. एवढंच बोलणं झालं आणि आत बोलावलं. पण माझ्या मनात एक खडा पडला. ढकललं असेल तर ती हरकत का घेत नाही?

अपिलाचे अधिकारी निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी माझं अपील सगळं वाचलं. चष्मा काढला आणि माहिती नाकारणाऱ्या साहेबांना विचारलं, "यानं चौकशीला अडथळा कसा येतो?" साहेबांनी पुन्हा कलमच वाचून दाखवलं. मग अपिलाच्या अधिकाऱ्यांनी आदेश दिला: आधी दोघांनाही दाखवा, नंतर अर्जदाराला प्रत द्या, रस्त्यावरच्या इतर लोकांचे चेहरे झाकून. भावाला बाहेर थांबावं लागलं. संगणकाच्या खोलीत आप्पा, मी, ती मुलगी आणि यंत्र चालवणारा कर्मचारी, असे चौघे होतो.

चित्र सुरू झालं तेव्हा मला आधी काही उमजेना. सगळं छातीच्या उंचीवरून दिसत होतं. तिचा चेहरा त्यात कुठंच नव्हता. ज्याच्या अंगावर कॅमेरा असतो तो माणूस चित्रात येतच नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नुसता आवाज होता तिचा, आणि मधूनच पुढं येणारे हात. एका दूधवाल्याला तिनं परत फिरवलं. कॉलेजच्या तिघीजणी एका गाडीवर होत्या, त्यांना खाली उतरवलं. मग समोरून पांढरी स्कूटर आली.

"काका, एकेरी हाय इथून. गाडी वळवा."

"मी चाळीस वर्षं इथूनच जातो."

"आता बदललंय, काका. तिथं बोर्ड लावलाय बघा."

"तू मला बोर्ड दाखवतीस व्हय?"

तिनं लायसन्स मागितलं. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं. लोक थांबले होते, त्यांच्याच मोंढ्यातले काहीजण असतील. मग आप्पा बोलले. "घरी जाऊन भाकरी थाप. वर्दी घातली म्हणून बाईचा बाप्या होत न्हाई." त्यानंतर आणखी एक वाक्य बोलले. ते मी इथं लिहिणार नाही.

तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. ओठ वाकडे झालेले, डोळे बारीक. आमच्या कार्यालयात काही माणसं मला बघून असा चेहरा करतात. माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, "इथं कुणी माणूस न्हाई का बोलायला?" एका परक्या मुलीच्या जागेवरून मी त्या दिवशी माझ्या वडिलांकडं पाहत होते.

पुढचं सगळं झटक्यात झालं. आप्पांनी गाडी पुढं काढली. तिचा उजवा हात चित्रात आला आणि त्यानं किल्ली ओढून काढली. गाडी चालतीच होती. हँडल वळलं, गाडी कलली, आप्पा डाव्या अंगाला गेले, आणि त्याच बाजूनं एक टेम्पो येत होता. दोन्ही हातांनी तिनं त्यांचा दंड धरला आणि मागं खेचलं. चित्रात आभाळ आलं, तारा आल्या, हॉर्न वाजला. टेम्पो पुढं गेला. "काका, लागलं का? कुणीतरी पाणी आणा ना!" आणि मग ती ओळखीची आरोळी, बापाच्या वयाचा हाय तो. म्हणजे गावानं पाहिलेले ते बारा सेकंद इथं होते, मधोमध. त्याच्या आधीचं आणि नंतरचं कुणी फिरवलंच नव्हतं.

लोकांनी आप्पांना रिक्षात बसवून नेलं. कर्मचाऱ्याला वाटलं संपलं, पण चित्र चालूच होतं. आता फक्त एक भिंत दिसत होती, अगदी जवळून. आधी श्वासाचा आवाज आला, मग रडण्याचा. तोंड दाबून रडतात तसा. बराच वेळ. मग वायरलेसवर कुणीतरी विचारलं, पॉइंटवर कोण आहे. "हाव सर," ती म्हणाली. "हजर हाय."

ती मुलगी खाली फरशीकडं पाहत होती. आपण रडलेलं त्यात असेल याची तिलाही कल्पना नव्हती.

"आवाज माझाच हाय," आप्पा म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

मग ती बोलली, आमच्याकडं न बघता. "किल्ली मी काढली. तशी काढायची नसते. ती चूक माझी हाय."

बाहेर आल्या आल्या भावानं विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यानं त्यातलं एकच धरलं. "किल्ली काढलेली दिसतीय ना? बस की मग. प्रत मिळाली की तेवढंच कापू आणि टाकू ग्रुपवर."

"आणि आधीचं?"

"आधीचं कुणाला पाहिजे, अक्का?"

जेवताना मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, तक्रारीत ढकललं असं लिहिलंय. तिनं ढकललं नाही."

"मला तसंच वाटलं."

"तेव्हा वाटलं असेल. आता तर पाहिलंत."

"ऱ्हाऊ दे, बाई," म्हणून ते उठले.

मी नांदेडला परत आले. दोन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह मिळाला. पर्समध्ये घेऊन मी रोज बसनं जात-येत होते आणि विचार करत होते. हे रेकॉर्डिंग सगळ्यांना दिसलं पाहिजे, असं म्हणूनच मी भांडले होते. आता ते माझ्या हातात होतं आणि कुणाला दिसू नये असं वाटत होतं. गाव मला दहादा विचारत होतं, मिळालं का म्हणून. 'नाही' म्हणायची सवय माझ्या हाताला होतीच. मी तेच सांगत राहिले.

सुमारे महिन्यानं आप्पांचा फोन आला. ते स्वतः फोन कधी करत नाहीत.

"ते घेऊन ये. संघटनेच्या अध्यक्षाला दाखवायचंय."

"काय झालं, आप्पा?"

"मोंढ्यात एकजण पाठ थोपटून गेला. म्हणला, आप्पा, बरं झालं, घरी बसवली त्या पोरीला. चांगली जिरली तिची." मग म्हणाले, "जेवण जाईना झालंय मला."

दाखवायच्या आधी मी मुख्यालयातून नंबर घेऊन त्या मुलीला फोन केला. मला वाटलं ती खूष होईल. "दाखवा," म्हणाली. "पण मॅडम, शेवटचं तेवढं नका दाखवू. उद्या मला त्याच चौकात उभं ऱ्हायचंय."

मी ते कापलं. भावाला मी कापू दिलं नव्हतं आणि तिच्यासाठी कापलं, यावर त्यानं मला टोकलंही. मी त्याला सांगितलं, तू जे कापणार होतास त्यानं खरं-खोटं बदललं असतं. तिच्या रडण्यानं ते बदलत नाही. ते तिचं आहे. आजही मी तेच सांगेन, पण कापायची कात्री माझ्या हातात होती आणि कुणी मला ती दिली नव्हती, हेही तितकंच खरं.

संघटनेच्या खोलीत सहा-सात जण होते, सगळे आप्पांच्या ओळखीचे. "शरणार्थ, शरणार्थ," असा आमच्याकडचा नमस्कार झाला. चहा आला. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. आप्पा समोर बसले नाहीत, पडद्याच्या शेजारी खुर्ची घेऊन लोकांकडं तोंड करून बसले. बाप्याचं ते वाक्य आलं तेव्हा एकजण फसकन हसला.

"हसू नका," आप्पा म्हणाले.

पुढं कुणी हसलं नाही. संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, हे आधी दाखवलं असतं तर आम्ही निवेदनच दिलं नसतं."

"आधी कुणालाच दाखवत नव्हते," मी म्हणाले. "आम्हाला न्हाई, तिलाबी न्हाई."

आप्पांनी नवा जबाब दिला. तो त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, मी फक्त तारीख घातली. तिनं ढकललं नाही, किल्ली काढल्यानं तोल गेला, टेम्पोखाली जाताना तिनं ओढलं, आणि मी तिला वाईट शब्द बोललो, असं त्यात होतं. वाईट शब्द कोणते, तेही लिहिले. संघटनेनंही चार ओळींचं पत्र दिलं. पहिल्या निवेदनाचा फोटो निघाला होता, या पत्राचा काही निघाला नाही.

किल्ली काढली म्हणून तिला ताकीद मिळाली आणि दुसऱ्या चौकात ड्यूटी लागली. आप्पांना एकेरी रस्त्याचा दंड झाला. बारा सेकंदांचा व्हिडिओ मात्र अजून फिरतोय. मागच्या श्रावणात उदगीरच्या एका पाहुण्यांनी मलाच पाठवला, खाली लिहिलं होतं, 'हेच का रक्षक?'

पूर्ण रेकॉर्डिंग ग्रुपवर का टाकलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. टाकलं असतं तर त्या मुलीची बाजू सगळ्यांना कळली असती आणि माझे वडील जन्मभर त्या एका वाक्याचे झाले असते. तिला मी तेही विचारलं होतं. ती म्हणाली होती, "नको. पुन्हा माझाच व्हिडिओ फिरंल." मला एवढंच कळतं की जो त्या चित्रात आहे त्याला ते पाहता आलं पाहिजे, आणि तेही वेळेत. मला ते मिळालं कारण नाकारायची भाषा मला येत होती. आप्पांच्या जागी एखादा हमाल असता, आणि त्याच्या घरी माझ्यासारखी कारकून लेक नसती, तर तीस दिवसांत ते पुसून गेलं असतं. ती मुलगी घरी बसली असती आणि आप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले असते, ढकललं मला. त्यांना ते खरंच वाटलं असतं.

या दिवाळीत आम्ही दोघंच अंगणात बसलो होतो. सकाळची पूजा आटोपून आप्पा ऊन खात होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, मी पन्नाशीला आले. तुम्हाला असं बोलताना मी घरात कधी ऐकलं नाही."

त्यांनी धोतराचा सोगा झटकला, पुन्हा नीट केला.

"घरात मला कुणी अडवलंय कधी?" ते म्हणाले.

मी आठवून पाहिलं. आई होती तेव्हाचं, नंतरचं, माझं स्वतःचं. खरंच, कुणी नाही.